चादरताईंची सहल

“सांगितलंत का?” चादरताईंनी ओठ फारसे न हलवता विचारलं.

“सांगतो ना. गाडी तर सुटू दे,” लॉन्ड्रीवाले म्हणाले. त्यांची नजर इंजिनावर होती.

“परवा म्हणालात, तिकिटं तर हातात येऊ देत.”

“काय चकचकीत ठेवलंय बघा! एवढं म्हातारं इंजिन, पण पितळ बघा, पितळ!”

चादरताईंना त्या पितळेशी काही देणंघेणं नव्हतं. फलाटावर सुटीच्या दिवसाची झुंबड होती. जुनं वाफेचं इंजिन डोंगरातल्या टोकाच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, म्हणून लोक पोराबाळांना घेऊन आले होते. इंजिनापुढे उभं राहून फोटो काढायला रांग लागली होती. लॉन्ड्रीवाल्यांची लेक छकुली डब्यात जागा धरून बसली होती आणि खिडकीतून हात हलवून दोघांना बोलवत होती. तिशी उलटलेल्या, अख्खी लॉन्ड्री एकटीने हाकणाऱ्या बाईला छकुली म्हणणं शोभत नव्हतं, पण बापाच्या तोंडात तेच बसलं होतं.

चादरताई हेही काही खरं नाव नव्हे. हॉस्पिटलात खऱ्या नावाची गरज फक्त पगाराच्या दिवशी पडायची. एरवी तळमजल्यावर, जिन्याच्या मागच्या खोलीत, चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट यांच्या ढिगांमध्ये बसणारी बाई म्हणजे चादरताई. मळक्या कपड्यांची गाठोडी लॉन्ड्रीत पाठवायची, धुऊन आलेली लावून ठेवायची, फाटलेलं शिवायचं आणि कुठल्या वॉर्डाला काय द्यायचं ते बघायचं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या खोलीत शिरल्या आणि केस पिकले तरी तिथेच होत्या. लग्नाचं तेवढं राहून गेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग धाकट्या बहिणींची लग्नं, मग आईचं आजारपण. आणि मग लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. वाईट वाटलं नाही असं नाही. चांगलंच वाईट वाटलं होतं. पण सकाळी गाठोडी दारात येऊन पडायची, तेव्हा रडत बसायला कुणाला सवड होती?

लॉन्ड्रीवाले आले ते शर्टाच्या रूपाने. एकदा धुऊन आलेल्या गाठोड्यात त्यांचा स्वतःचा शर्ट चुकून निघाला, एक बटण तुटलेला. चादरताईंनी बटण लावलं आणि शर्ट परत धाडला. पुढच्या आठवड्यात पुन्हा शर्ट, पुन्हा बटण तुटलेलं. मग असं दर आठवड्याला व्हायला लागलं. बायको जाऊन वर्ष उलटून गेलेला, साधा, लाजराबुजरा माणूस. त्याला याहून धीट काही सुचलं नसावं. बऱ्याच महिन्यांनी ते एकदा शर्टामागोमाग स्वतःच आले आणि म्हणाले, “चहा घेणार का?” आता या वयात लग्नापर्यंत गोष्ट आली होती आणि अडली होती ती एकाच दारात. छकुलीला कोण सांगणार?

लॉन्ड्रीवाल्यांची बायको त्याच हॉस्पिटलात वारली होती. फार दिवस झोपून होती बिचारी. तेव्हा गाठोडी चादरताईंच्याच हाताखालून जात होती. उद्या छकुली म्हणाली, “म्हणजे आई तिकडे पडून होती आणि तुमचं हे चाललं होतं?” तर काय उत्तर द्यायचं? खरं काय ते चादरताईंना ठाऊक होतं, पण खरं सांगितलं की पटतंच असं थोडंच आहे! पोरीने नाही म्हटलं तर आपण मागे फिरायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बापलेकीत फूट पाडून त्यांना संसार नको होता.

तर सहलीची युक्ती लॉन्ड्रीवाल्यांची. छकुलीला त्यांनी सांगितलं, “एक तिकीट उरलंय, चादरताईंना विचारतो.” तीनच तिकिटं काढलेल्या माणसाचं एक तिकीट उरतंच कसं, हे तिने विचारलं नाही.

गाडी सुटली. बापलेक इंजिनाकडे तोंड करून बसले आणि चादरताई त्यांच्या समोर, उलट्या. धूर मागे वळत होता. शेतं गेली, पूल गेला, डोंगराची चढण लागली आणि इंजिन धापा टाकायला लागलं. चादरताई लॉन्ड्रीवाल्यांकडे बघायच्या, ते घसा खाकरायचे, “छकुली,” म्हणायचे आणि पुढे म्हणायचे, “बॉयलर बघितलास का केवढा आहे? आपल्याकडचा त्याच्यापुढे म्हणजे कुकर.”

“बघितला, बाबा. मघाशी पण बघितला.”

“नाही, पण वाफेत ताकद किती असते बघ.”

“माझं अर्धं आयुष्य वाफेत गेलंय, बाबा,” छकुली म्हणाली आणि चादरताईंकडे बघून किंचित हसली. ते हसू कसलं, याचा चादरताईंना अंदाज येईना. त्यांनी पिशवीतून बिस्किटं काढून पुढे केली. तिने एक घेतलं.

मग गार्ड डब्यात आला. त्याने जुन्या काळची टोपी घातली होती आणि आवाजही जुन्या काळचा काढला होता. “मंडळी, बोगदा येतोय! खिडक्या घट्ट लावून घ्या. नाहीतर घरी गेल्यावर कुणी ओळखायचं नाही!”

लोक हसले. खिडक्या धडाधड लागल्या. गाडी बोगद्यात शिरली तसा मिट्ट काळोख झाला आणि कुठल्याशा फटीतून वाफेचा एक गरम, ओला झोत आत आला.

आता सांगायचं म्हणजे, लॉन्ड्रीत एक रीत आहे. वाफ कोंडली की हातातलं काम टाकून आधी खिडकी उघडायची. नाहीतर इस्त्री केलेले कपडे ओले होतात आणि माणसांचा जीव गुदमरतो. बापाने ही रीत लेकीच्या हाडात मुरवली होती. अंगावर वाफ आली मात्र, दोघंही एकाच क्षणी उठले आणि अंधारात चाचपडत बापाने ही खिडकी खाली ओढून उघडली, लेकीने ती!

मग जे झालं ते काय सांगावं. धुराचा लोळ थेट डब्यात. सगळे खोकायला लागले. “अहो, कुणी उघडली? बंद करा!” “डोळ्यात गेलं माझ्या!” इंजिनाचा धडधडाट बोगद्यात असा घुमत होता की शेजारच्याचं ऐकू येईना. त्या गोंधळात, त्या काळोखात, जिथे कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, तिथे लॉन्ड्रीवाल्यांना कुठून अवसान आलं देव जाणे.

“छकुली!” ते ओरडले. “मला एक सांगायचंय!”

“आधी खिडकी लावा, बाबा!”

“नाही, आधी ऐक! फार दिवस सांगीन म्हणतोय! मी आणि चादरताई—”

आणि गाडी बोगद्यातून बाहेर पडली. धडधडाट एकदम ओसरला. पण ओरडणारा माणूस भरात आला होता, तो काय लगेच थांबतो?

“—लग्न करायचं म्हणतोय!”

डबा चिडीचूप झाला. सगळ्यांची तोंडं काळी, आणि त्या काळ्या तोंडांमधले डोळे या तिघांवर. मघापासून गळ्यात कॅमेरा लटकवून हिंडणारे एक गृहस्थ खिडकीवरून भांडायला उठले होते. ते उभे राहिले तसेच राहिले आणि मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बघता बघता अख्खा डबा टाळ्या वाजवायला लागला. मागून कुणीतरी शिट्टीही मारली.

छकुलीने टाळी वाजवली नाही. तिने खिडकी वर ओढली, नीट बसवली आणि बाहेर बघत राहिली. तिच्या काजळी लागलेल्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. चादरताईंना वाटलं, उठावं आणि दुसऱ्या डब्यात जाऊन बसावं. पण चालत्या गाडीत जाणार कुठे? त्या हातातल्या बिस्किटांच्या पुड्याकडे बघत बसल्या.

टोकाच्या स्टेशनावर गाडी थांबली. परतीसाठी इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं होतं, ते बघायला सगळे उतरून पळाले. छकुली तडक नळाकडे गेली. लॉन्ड्रीवाले फलाटावर गारठल्यासारखे उभे होते.

“जा ना तिच्याकडे,” चादरताई म्हणाल्या.

“तुम्ही जाता का? मी बोललो की बॉयलरच तोंडात येतो.”

आता या माणसावर रागवावं तरी कसं? चादरताईंनी पिशवीतला रुमाल घेतला आणि त्या नळापाशी गेल्या. छकुली ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारत होती.

“काजळी पाण्याने पसरते गं. आधी कोरडी टिपून घ्यायची,” त्या म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. लॉन्ड्री चालवणाऱ्या बाईला काय शिकवत होत्या त्या!

“माहितीये मला,” छकुली म्हणाली. “पण आत्ता पाणीच हवं होतं.” तिचे डोळे लाल होते. तिने रुमाल मात्र घेतला. “आणि दुसरंही माहीत होतं. कधीपासून.”

“कसं काय?”

“बटणं. बाबांचे शर्ट मीच इस्त्री करते ना. बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन उंच केलेली बटणं फक्त तुमच्या हॉस्पिटलच्या कोटांना असतात. आणि इतकी बटणं तर आमच्याकडे गिऱ्हाइकांची पण तुटत नाहीत हो. मी एकदा बघितलं, कात्री घेऊन स्वतःच तोडत होते.”

चादरताईंना हसू आवरेना, आणि छकुलीलाही. पण ते हसू फार टिकलं नाही.

“मी वाट बघत होते, कधी सांगतील म्हणून. मला घाबरतात की काय? मी काय खाणार होते त्यांना? शेवटी सांगितलं ते अख्ख्या डब्याला सांगितलं.” तिने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“आई असताना…?”

“नाही,” चादरताई म्हणाल्या. उत्तर इतकं सरळ बाहेर आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “तेव्हा तुझ्या बाबांशी दोन शब्द बोलले नव्हते मी. तुझ्या आईशी बोलायचे. फार दिवस झोपून असणाऱ्यांना नव्या चादरी टोचतात, म्हणून जुन्या, झिजलेल्या मी वेगळ्या काढून ठेवायचे. ती वॉर्डातून निरोप पाठवायची, निळ्या पट्टीची द्या म्हणून. मग मीच घेऊन जायचे.”

“निळ्या पट्टीची?” छकुलीचा आवाज बारीक झाला. “ती तुम्ही आणायचात?”

“हो. एकदा मला म्हणाली, ही आमच्या लॉन्ड्रीतली आहे, माझ्या लेकीच्या हातची घडी ओळखते मी. ती घडी उलगडताना कुणाला हात लावू द्यायची नाही. स्वतःच उलगडायची, जमेल तशी.”

छकुलीने तोंड फिरवलं. पाठीवर हात ठेवावा असं चादरताईंना फार वाटलं. पण न विचारता हात ठेवण्याइतका आपला हक्क नाही, हेही त्यांना कळत होतं. फलाटाच्या टोकाला इंजिन हळूहळू मागे येऊन डब्याला टेकलं आणि जमलेल्या लोकांनी आरोळी दिली. लॉन्ड्रीवाले त्या गर्दीत उभे होते, पण त्यांचं लक्ष सारं नळाकडे.

“मी आई नाही म्हणणार तुम्हाला,” रुमाल परत देत छकुली म्हणाली.

“नकोच म्हणू. आई तुला आहे.”

“आणि घरात खिडकीशी तिची खुर्ची आहे. कुणी बसत नाही तिच्यावर.”

“मला स्टूल चालतं. जन्म स्टुलावरच गेलाय माझा.”

छकुलीने त्यांच्याकडे नीट बघितलं, म्हणजे चादर तपासताना उजेडात धरून बघतात तसं. ती काही बोलणार तोच गार्डाने शिट्टी वाजवली आणि लोक डब्यांकडे धावत सुटले. इंजिन आता दुसऱ्या बाजूला गेलं होतं, त्यामुळे मघाशी सुलट्या असलेल्या जागा उलट्या झाल्या होत्या आणि उलट्या सुलट्या. जो तो सुलटी जागा पकडायला बघत होता.

“तुम्ही तोंड पुसून या सावकाश, तुमच्या गालावर केवढं लागलंय,” असं म्हणून छकुली पळाली. वाटेत तिने बापाचं मनगट धरलं आणि त्यांना ओढतच डब्यात चढवलं.

चादरताईंनी तोंड पुसलं आणि त्या दाराशी आल्या. आत ढकलाढकली चालली होती. त्यांच्या मघाच्या जागेपाशी कॅमेरेवाले गृहस्थ उभे होते. जागा आता सुलटी झाली होती.

“मोकळीच आहे ना ही? बसू का?”

छकुलीने त्या जागेवर आडवा हात ठेवला होता.

“नाही हो,” ती म्हणाली. “इथे आमचं माणूस आहे. येतंय आता.”

चादरताई पायरीवरच थांबल्या. मागून दोन बाया मुलांना घेऊन चढत होत्या. “जा, तुम्ही व्हा पुढे,” त्या म्हणाल्या आणि दांडीला धरून बाजूला झाल्या. आणखी एक म्हातारेबुवा आले, त्यांनाही त्यांनी वाट दिली. गाडीला हिसका बसला, गार्ड हिरवा झेंडा दाखवत ओरडला, “ओ बाई, चढा ना आता!” तरी त्या क्षणभर, जागेवरच्या त्या आडव्या हाताकडे बघत, तशाच उभ्या राहिल्या.