बिनजाळीची निगेटिव्ह

बाबांना हल्ली कुठलाही फोटो दाखवा, त्यांचा प्रश्न ठरलेला. "पाकिटावर नाव काय घालायचं?" उभा जन्म स्टुडिओत गेला, लोकांचे चेहरे पाकिटात भरता भरता केस पिकले. आता डोक्यातून एकेक चेहरा निसटत चालला होता, पण पाकीट काही सुटत नव्हतं. परवा भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघूनही त्यांनी हेच विचारलं, तेही लेकीसमोर.

आई गेली तेव्हा लेक दोन वर्षांची. तिच्यासाठी आई म्हणजे भिंतीवरचा तो फोटोच, काचेवर वाफ धरावी तसा मऊ. ही बाबांची करामत. लेन्सवर बायकांच्या पायमोज्याची पातळ जाळी ताणून बसवायचे, की सुरकुत्या, डाग, सगळं गायब. शहरातल्या निम्म्या बायका त्या जाळीच्या कृपेने दहा वर्षांनी लहान झाल्या होत्या. आता स्टुडिओ लेक चालवत होती आणि जाळीचं काम एक बटण दाबून व्हायचं. बाबा त्याला 'आळशी जाळी' म्हणत.

बाबांनी निदान आईला तरी ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. भिंतीवरचा फोटो विटलाय, म्हणून ओळख पटत नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. माळ्यावरचा निगेटिव्हचा डबा काढला. प्रत्येक पाकिटावर नाव होतं, एक तेवढं कोरं. त्यात आई निघाली.

तिने हरखून निगेटिव्ह स्कॅन केली. पडद्यावर आई आली, पण दोन्ही गालांवर नुसते ठिपके. खाल्लं बुरशीने! जुन्या निगेटिव्हचं हे दुखणं तिच्या रोजच्या पाहण्यातलं. तिने धूळ काढायचा फिल्टर लावला, मग कातडी नितळ करायचा, वर थोडी मऊ चकाकी. आई कशी भिंतीवरच्यासारखी दिसू लागली. तिने बाबांना हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं.

बाबांनी चष्मा पुसला, नीट पाहिलं. "छान आलाय. पाकिटावर नाव काय घालायचं?"

"बाबा, आई आहे ती."

"कुणाची?"

लेकीला रडू कोसळायचंच बाकी होतं. बहुतेक आपणच जास्त शहाणपणा केला, असं म्हणत ती एकेक फिल्टर काढू लागली. चकाकी गेली. नितळपणा गेला. शेवटी धुळीचा फिल्टर काढला आणि ते मेले ठिपके पुन्हा गालभर पसरले.

बाबा खुर्चीतून उठले. टेबलाला धरून पुढे वाकले आणि त्यांनी पडद्यावर थेट बोट ठेवलं. एरवी लेक ओरडली असती.

"ऐकलं नाही हिने," ते म्हणाले. "म्हटलं, थांब, जाळी लावतो. तर म्हणे, जगासाठी लावा. देवीचे वण काय तुमच्यापासून लपवायचेत? एक तरी फोटो माझ्यासारखा काढा." आणि ते हसले, कितीतरी महिन्यांनी.

लेकीने माऊसवरचा हात काढला. बुरशी म्हणून आपण आईचाच चेहरा पुसत होतो, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डोळे पडद्यावरून हलेनात. इतकी वर्षं भिंतीवर होती ती जाळी. आई ही होती, ठसठशीत, खळखळून हसणारी.

"बाबा, हाच छापते," ती म्हणाली. मग भीत भीत तिने विचारलं, "पाकिटावर नाव काय घालू?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की एवढंही कळू नये का पोरीला.

"घरच्या माणसाचं नाव कशाला लागतंय?"