इंदुबाईंच्या बॉयलरची परीक्षा

"मावशी, प्लगमध्ये हे काय भरलंय तुम्ही?"

जया रामटेकेनं ती वस्तू चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेली. बोटाच्या पेराएवढा फ्यूज, आणि त्याच्याभोवती अगदी निगुतीनं गुंडाळलेला सोनेरी कागद.

इंदुबाई आलं किसत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "सारखा उडत व्हता तो. खालच्या मजल्यावरची निकिता लंडनहून आली, तिनं चाकलेट दिलं. त्याचा कागद हाय. इतका चांगला कागद, म्हनलं टाकायचा कशाला? तवापासून एकदा बी उडला न्हाय."

"कसा उडेल? आता उडायची पाळी तुमची होती!"

जया रागावली होती, पण तिला हसूही आवरेना. चहाच्या बॉयलरचा जुना प्लग फुटला तेव्हा कुणीतरी टेबललॅम्पचा प्लग काढून त्याला जोडला होता. त्यात तीन अँपिअरचा फ्यूज. बॉयलर ओढतो दहा-अकरा. तो बिचारा फ्यूज जळत होता ते त्याचं कर्तव्य म्हणून, आणि इंदुबाईंनी त्याला चिलखत घालून गप्प बसवलं होतं. जयानं कागद काढला, डबीतून तेराचा फ्यूज घेऊन बसवला आणि झाकण आवळलं.

खराडीच्या या कंपनीत काम लंडनच्या एका बँकेचं चालायचं, त्यामुळे नियमही तिकडचे. भिंतीतले सॉकेट तिकडचे, पोटात फ्यूज असलेले प्लग तिकडचे, आणि प्लग असलेली प्रत्येक वस्तू वर्षातून एकदा तपासायची हा हट्टही तिकडचाच. वस्तू तपासणीच्या मशीनला जोडायची. तिची वीज अंगातून बाहेर झिरपत नसली तर हिरवं स्टिकर, झिरपत असली तर लाल. हे काम जयाचं. वशिल्यानं हिरवं स्टिकर मिळत नाही अशी तिची ख्याती होती. खुद्द डायरेक्टरसाहेबांची आवडती किटली तिनं बाद केली होती, आणि वर त्यांच्याच केबिनमध्ये बसून कॉफी पिऊन आली होती.

आज मात्र तिला तपासणी सुरूच करावीशी वाटत नव्हती. तीन दिवस ती रजेवर होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून नागपूरला गेलेली. परत येऊन बघते तर लिफ्टसमोर भलंमोठं खोकं उभं. बटण दाबलं की चहा देणारं यंत्र आलं होतं. ॲडमिनचा शुभंकर तिला बाजूला घेऊन म्हणाला होता, "मॅडम, मलाही वाईट वाटतंय हो. पण बॉयलर टेस्टमध्ये फेल झाला, तर मावशींच्या जागी हे मशीन बसणार. वरून ऑर्डर आहे."

मावशींची ही जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा एक कोपरा. ही इमारत उभी राहण्याआधी इंदुबाई याच मातीत कांदे खुरपायच्या. आता काचेच्या खिडकीशी उभ्या राहून चहा उकळायच्या. जया पहिल्यांदा कामावर आली तेव्हा पुण्यात तिचं कुणी नव्हतं. दुपारी ती नुसतं पाणी पिऊन बसली की डब्याचं झाकण तिच्यापुढे सरकायचं, त्यात भाकरी आणि ठेचा. कुठली, कोणाची, असं इंदुबाईंनी कधी विचारलं नाही. "जेव आधी," एवढंच.

जयानं तपासणीच्या मशीनची पेटी उघडली. आत सुकायला आलेलं झेंडूचं फूल, वरच्या पट्टीवर हळदकुंकू. मेंटेनन्सच्या पोरांनी खंडेनवमी साजरी केलेली दिसत होती. तिनं फूल काढलं, काच पुसली, बॉयलरचा प्लग मशीनमध्ये खोचला आणि बटण दाबलं.

लाल दिवा.

तिनं पुन्हा दाबलं. लालच. निकाल बघायला येऊन उभा राहिलेला शुभंकर छताकडे बघू लागला. जयाच्या हातात स्टिकरचा रोल होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, एकदाच, फक्त एकदाच डोळे मिटून हिरवं लावावं. कुणाला कळणार आहे?

"लाव की पोरी," इंदुबाई म्हणाल्या. त्यांनी गॅसची शेगडी पुसावी तसा बॉयलर फडक्यानं पुसला. "तुझं कामच हाय ते. म्या काय रुसनार हाय व्हय?"

जयानं लाल स्टिकर लावलं. डोळे भरून आले म्हणून तिनं घाईनं पुढची वस्तू ओढली. खोक्यातून नुकताच काढलेला, कोरा करकरीत टेबललॅम्प. बटण दाबलं.

लाल दिवा.

"हा तर आजच आलाय!" शुभंकर म्हणाला.

जयानं कोपऱ्यातला पंखा लावून पाहिला. लाल. मग शुभंकरच्या टेबलावरचा प्रिंटर. तोही लाल.

"वा! म्हणजे सबंध ऑफिसच नापास. तुमच्या मशीनलाच नागपूरला जायचं होतं वाटतं, रुसलंय," शुभंकर म्हणाला.

जयानं त्याच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. तिनं मशीन बंद केलं, बॅटरी आणली आणि जिथं प्लग खोचतात त्या भोकांत उजेड टाकला. तिन्ही भोकांत ओलसर पिवळं-तांबडं काहीतरी लिंपलेलं होतं.

"मेंटेनन्सवाल्यांना बोलवा," ती कडाडली. "भोकात कुंकू कोणी घातलं?"

आलं किसता किसता इंदुबाईंचा हात थांबला.

"म्या घातलं," त्या हळूच म्हणाल्या. "खंडेनवमीला समद्यांच्या हत्यारांची पूजा झाली. तुझंच एकलं तसंच पडलं व्हतं. तुमच्यात करत न्हाईत, ठावं हाय मला. पर सणाच्या दिवशी त्याला तसंच उपाशी कसं ठिवायचं? घातलं पाणी, लावली हळद. ते तीन डोळं दिसलं, त्यास्नी बी लावलं."

मग जया जी हसत सुटली, ती खाली बसून पोट धरून हसली. मशीनमधूनच वीज झिरपत होती, आणि ते शेजारच्या प्रत्येकाला दोषी ठरवत होतं!

"लंचपर्यंत वेळ देतो," शुभंकर डोळे पुसत म्हणाला.

आगकाडीला कापूस, कापसाला स्पिरिट. जयानं तिन्ही भोकं घासून काढली आणि मशीन गच्चीवरच्या ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलं. इंदुबाई पापडाची राखण करावी तशा त्याच्याशेजारी बसून राहिल्या.

लंचला निम्मा मजला कोपऱ्यात जमला. आधी कोरा लॅम्प. हिरवा. पंखा, हिरवा. मग बॉयलर. इंदुबाईंनी पदर तोंडाला लावला. जयानं बटण दाबलं.

हिरवा!

असा काही गलका झाला की चहाचं यंत्र बसवायला आलेला, लिफ्टपाशी ताटकळलेला माणूस धावत आला. त्यालाही चहा मिळाला. एक घोट घेऊन त्यानं आपल्या खोक्याकडे पाहिलं आणि दुसरा कप मागितला. शुभंकरनं वर फोन लावला, "बॉयलर पास आहे, सर. चहाचं मशीन परत पाठवतोय."

जयानं लाल स्टिकर सोलून काढलं, हिरवं नीट दाबून बसवलं आणि पर्समधून संत्रा बर्फीचा डबा काढला. पहिला तुकडा इंदुबाईंना.

"फुडच्या वर्षी न्हाय हात लावनार तुझ्या मशीनला," इंदुबाई म्हणाल्या.

"लावा की. फक्त वरच्या वर लावा, आणि कोरडं."

इंदुबाई हसल्या आणि कपात चहा ओतू लागल्या. जया मशीन आवरायला बसली. वरच्या पट्टीवर कोपऱ्यात इंदुबाईंच्या बोटाएवढं कुंकू अजून होतं. तिनं कापूस तिथवर नेला आणि मग तसाच मागे घेतला. तिथून वीज जात नव्हती. तिनं पेटी हलकेच बंद केली.