दहाव्याचा कावळा

"दादा, शिवत नाय रे अजून," प्रल्हाद फोनवर म्हणाला. "तास झाला. तीन कावळे आंब्यावर बसलेत. खाली बघतात नि मान फिरवतात."

मुरलीधर आखातातल्या रुवैसच्या किनाऱ्यावर घडीच्या खुर्चीत बसला होता. सकाळचे साडेसात, म्हणजे गावी नऊ. तिकडे गुहागरजवळ खाडीच्या काठी त्याच्या आईचा दहावा चालला होता आणि थोरला लेक इकडे एका पाखराच्या घरट्याची राखण करत होता.

घरटं म्हणजे तरी काय, वाळूत टाचेनं उकरल्यासारखी खळगी आणि तीत तीन ठिपकेदार अंडी. मादी चिमणीहून जरा थोराड. पुस्तकात तिला चिलखा म्हणतात. उन्हाचा कडाका वाढला की ती पाण्यात जाऊन पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुरलीधरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कामगारांच्या कॅम्पात त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, उगाच चेष्टा व्हायची.

या किनाऱ्यावर अशी बरीच घरटी होती. एमान नावाच्या इथल्याच मुलीनं कॅम्पातली माणसं गोळा करून पाळीपाळीनं राखण सुरू केली होती. तिची अट एकच, वाळूवर अन्नाचा कण सांडायचा नाही. अन्न दिसलं की कावळे येतात, आणि कावळे आले की अंडी गेलीच म्हणून समजा.

"ये इंडिया का कौआ है, अंकल. शिप पे बैठ के आया," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"मतलब हमारा ही आदमी है. बिना व्हिसा का," मुरलीधर म्हणाला होता, आणि दोघंही पोट धरून हसले होते.

आज मात्र त्याच्या पिशवीत भाताचा डबा होता. पहाटे रूमवर शिजवलेला, वर काळे तीळ घातलेले. पाळी संपली की दूर कुठंतरी ठेवू, असं तो स्वतःला सांगत होता. कावळा इथून तिथून सारखाच.

सव्वीस वर्षं तो परदेशात पंप दुरुस्त करत होता. त्याची आई ठकुबाई दर रविवारी फोनवर विचारायची, "कधी येतोस रे कायमचा?" आणि हा म्हणायचा, "पुढच्या गणपतीला, इन्शाल्ला." पुढं पुढं म्हातारी एवढी तयार झाली की तीच म्हणायची, "इन्शाल्ला म्हणतोस ना, म्हणजे नाय येत." पण येण्याजाण्याच्या वाटेवरची नजर तिनं काही काढली नाही. ती गेली तेव्हा दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाउन चालू होतं, सगळ्यांच्या रजा बंद. अग्नी धाकट्या प्रल्हादनं दिला.

"सगळ्यांनी बोलून बघितलं," प्रल्हाद सांगत होता. "घर विकणार नाय म्हटलं, तुळशीला पाणी घालीन म्हटलं. भटजी म्हणतात, जीव तुझ्यात अडकलाय. स्पीकरवर लावतो. पिंडाजवळ धरतो. फक्त म्हण, आये, मी कायमचा येतो."

"प्रल्हाद, अरे..."

"म्हण रे! तेवढंच ऐकायचंय तिला."

फोनमधून खाडीचा वारा ऐकू यायला लागला. कुणीतरी पोराला गप्प बस म्हणालं. सव्वीस वर्षं ती जिवंत असताना खोटं बोललो, आता मेल्यावरही बोलायचं?

"आये," तो म्हणाला.

तेवढ्यात घरट्याभोवती बांधलेल्या दोरीच्या आत एक कावळा उतरला.

मादी पंख मोडल्यासारखी लोळत लांब पळायला लागली. कावळ्यानं आपल्यामागं यावं, एवढीच तिची धडपड. कावळा मोठा बेरकी. तो तिच्याकडे ढुंकूनही न बघता खळगीकडे टुणटुणत निघाला.

"हाड! हाड! जा इथनं! चालता हो!" मुरलीधर बोंबलत धावला. चप्पल भिरकावली, ती कावळ्याच्या शेपटाला चाटून गेली. कावळा उडाला.

फोन हातातच होता, आणि तिकडे स्पीकर चालूच.

"कोण ओरडलं?" तिकडून आवाज आला. "उडाले! तिन्ही उडाले!" मग बायकांचं रडणं, आणि फोन बंद.

अर्ध्या तासानं प्रल्हादचा पुन्हा फोन आला. "दर्भाचा कावळा करून शिववला," तो थकून म्हणाला. "चालतं म्हणतात. दादा, हाकललास कशाला रे?"

"पाखराची अंडी होती."

"आये विचारायची, दादा तिकडं करतो काय. मी सांगायचो, पंप." मग प्रल्हादनं फोन ठेवला.

नऊ वाजता एमान आली. मुरलीधरच्या मांडीवरचा डबा तिनं पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. आई, दहावा, कावळा. ती वाळूतच खाली बसली.

"रोड के उस पार रख दो, अंकल," ती हळूच म्हणाली. "मैंने कुछ नहीं देखा."

मोह तर झालाच. तारेच्या कुंपणावर तोच कावळा येऊन बसला होता, मान वाकडी करून डब्याकडे बघत होता. गावी तास तास विनवून जो येईना, तो इथं न बोलावता हजर.

"नहीं बेटा," मुरलीधर म्हणाला. "एक बार दिया तो आदत लग जाती है. फिर रोज आके बैठेगा, राह देखेगा."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच ते लागलं. एमानकडे पाठ करून तो पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेला. फोन खिशातच होता. या वेळी तो कुणाला लावायचा नव्हता.

"आये," तो म्हणाला, "मी नाय येत. वाट नको बघूस."

मग तिथंच उकिडवा बसून त्यानं तो गार भात स्वतः खाल्ला, तीळसुद्धा वेचून. डबा खारट पाण्यात विसळला. परत येताना चिलखीण ओल्या पोटानं अंड्यांवर बसलेली दिसली, म्हणून तो लांबून वळसा घेऊन खुर्चीकडे गेला. एमाननं पुढं केलेल्या वहीत त्यानं रोजच्यासारखं लिहिलं, अंडी तीन. कावळे एक. आला होता, परत पाठवला.