खारोड्यांचा डबा

गाडीनं मूर्तिजापूर मागं टाकलं तोवर पोरापोरींचे गळे पार बसले होते. अकोल्यापासून भेंड्या चालल्या होत्या. मुलांवर ‘ठ’ आला की मुलं पत्र्यावर थापा मारून वेळ काढत, मुलींवर ‘ळ’ आला की मुली भांडून काढत. नववीची सहल, नागपूरचा लांबचा पल्ला, डिसेंबरातली गारठलेली सकाळ. खिडकीबाहेर वेचणी सरत आलेल्या पऱ्हाट्या मागं पळत होत्या, अन् बोंडातून सुटून राहिलेला एखादा कापूस काडीला धरून हलत होता.

दामिनी खिडकीशी बसली होती. तिच्या मांडीवर दप्तर होतं, आणि दप्तरावर दोन्ही हात.

रागिणी मॅडम उठून उभ्या राहिल्या. दिवाळीनंतरच अमरावतीहून बदलून आलेल्या, पोरांत पोर होणाऱ्या. “बस झाल्या भेंड्या. आता आमच्या गल्लीतला खेळ. भुलाबाईपुढं गाणी म्हणून झाली की खाऊ ओळखतो ना आपण, तो. डबा ओढणीखाली झाकायचा, हलवायचा, आवाजावरून ओळखायचा. ओळखला तरी उघडायचा, हरलात तरी उघडायचा, आणि सगळ्यांना वाटायचा. भुलाबाईचा खाऊ एकट्यानं खात नसतात.”

“मॅडम, भुलाबाई तर पोरींची असते,” मागून पुष्कर ओरडला. जठारपेठेतल्या वकिलांचा मुलगा, जीभ बापाची घेऊन आलेला.

“मग खाऊही पोरीच खातील.”

“नाही नाही मॅडम, मी आत्तापासून पोरगी!”

गाडी हसली. मॅडमनी टाळीवर गाणं धरलं आणि पोरींनी ते उचललं:

*हाल गं डब्या, बोल गं डब्या,*
*पोटात तुह्या काय?*
*गोड म्हनू का खारट म्हनू,*
*सांगन तुही माय!*

पहिला डबा मोनालीचा. बार्शीटाकळीत तिचं घर दामिनीच्या घराला लागून. दोघी रोज एकाच एसटीनं अकोल्याला शाळेत येत. तिचा चिवडा दुसऱ्याच हाकेत ओळखला गेला. मग पुष्करचा डबा आला. कितीही हलवला तरी हूं नाही की चूं नाही.

“काईच वाजत नाही,” मोनाली म्हणाली. “याच्या डोक्यात आन् डब्यात एकच माल दिसते.”

शिरा निघाला. बोटं चाटत सगळे पुढच्या बाकाकडं वळले. दामिनीनं पोळीभाजीचा डबा काढून दिला.

“जेवण चालत नाही,” पुष्करनं मान लांबवून तिच्या दप्तरात डोकावलं. “खाली तो दुसरा काय लपवला आहेस? मॅडम, हिनं खरा माल दाबून ठेवला!”

तो दुसरा डबा स्टीलचा होता, झाकणावर आईचं नाव कोरलेला. आत आईच्या हातच्या खारोड्या होत्या. वैशाखात गच्चीवर बाज टाकून, वर धुतलेलं लुगडं अंथरून आईनं त्या घातल्या होत्या. बाजरीचं शिजवलेलं पीठ, त्यात लसूण, तीळ, तिखट. तीन बोटांची चिमूट उचलायची आणि लुगड्यावर ठेवायची. दामिनी काडी घेऊन चिमण्या हाकत होती आणि हाकता हाकता ओल्याच तोंडात टाकत होती. “चिमन्या बऱ्या तुयापेक्षा,” आई म्हणाली होती. आखाडात आईला कावीळ झाली. ती दवाखान्यातून परत आली नाही.

मग घर सांभाळायला बाबांची भावजय, वच्छलाकाकू आली. तिनं आल्या आल्या फळीवरचे सगळे डबे उतरवले. “वाळवन सादळते बाई पावसायात. उघाड पडली की ऊन दाखवा लागते, नाही तं किडे पडतात.” दामिनीला वाटलं, ही आता आईचं एकेक करून संपवणार. तिनं हा एक डबा ओढून घेतला. “माह्या मायच्या हातच्या हायेत. तुमी हात नोका लावू.” काकू एवढंच म्हणाली, “नाही लावत. पन ऊन दाखवत जाय.” दामिनीनं डबा कपाटात, कपड्यांच्या मागं ठेवून दिला. काकूच्या नजरेला पडू नये म्हणून उन्हाच्याही नजरेला पडू दिला नाही. उघडला नाही, एकही खारोडी खाल्ली नाही. आत आहेत एवढ्यावर तिचे दिवस जात होते. सहलीला निघतानाही तो घरी ठेवायचा धीर झाला नाही.

आणि आता गाडीभर तळहात पुढं येणार. एकेक दिली तरी डबा रिकामा. आईच्या बोटांचं जगात उरलेलं एवढंच.

“मॅडम, माहा डबा नोको,” ती म्हणाली.

“अगं, आईनं दिलेला खाऊ वाटल्यानं कमी होतो का?”

“मॅडम, तिची...” मोनालीनं तोंड उघडलं, तशी दामिनीनं तिच्या मांडीला जोरात चिमटा घेतला. सगळ्या गाडीनं वळून बघावं, गप्प व्हावं, हे तिला नको होतं. त्यापेक्षा डबा हलवणं सोपं. तिनं तो ओढणीखाली घेतला.

“सांगन तुही माय!” सगळे एका सुरात ओरडले.

तिनं डबा हलवला.

खारोड्या वाजतात त्या खडखड, नदीतल्या बारीक गोट्यांसारख्या. डब्यातून आवाज आला तो सर्र, सर्र. चाळणी फिरवल्यासारखा.

“रवा!”

“राजगिरा असन!”

“मॅडम, कपडे धुवायची पावडर!” पुष्कर म्हणाला. पुन्हा हसू फुटलं.

मोनाली मात्र हसली नाही. तिनं त्या खारोड्या लहानपणापासून खाल्ल्या होत्या. तिनं कानाशी येऊन हळूच विचारलं, “दामे, खारोड्या अशा वाजत नाहीत न वं?”

खाऊ वाटून टाकायची धास्ती दामिनीला उरली नाही. डब्यात काय आहे ते आता तिलाच ओळखायचं होतं. तिनं झाकणाला नखं लावली.

आत पांढरी जाळी धरली होती. जाळीखाली मातकट भुगा, आणि उजेड पडताच त्यातून बारीक काळे किडे वर धावले. तिनं बोटं घालून तळापर्यंत चाचपलं. चिमटीचा आकार असलेलं काहीच हाताला लागलं नाही.

पुष्कर काहीतरी बोलायला पुढं वाकला होता. तिचं तोंड पाहिलं आणि जागेवर बसला.

“खराब झालं गं,” मॅडम म्हणाल्या. “अशी वस्तू इतकी बंद ठेवतात का? आईला सांगायचं, ऊन दाखव म्हणून.”

“मॅडम, तिची माय नाही,” मोनाली म्हणाली. “आखाडात वारली.”

मॅडम तिच्या बाकाच्या कडेला टेकल्या. “मला माहीत नव्हतं गं पोरी.”

“तुमचं काई नाही मॅडम,” दामिनी डब्यात बघतच म्हणाली. “काकू सांगे. मीच नाही दाखोलं ऊन.”

पुढं कुणी डबा काढला नाही. गाणंही कुणी धरलं नाही.

अमरावतीच्या बाहेर गाडी चहाला थांबली. मॅडम तिला बाजूला घेऊन गेल्या, आपला फोन हातात दिला. दामिनीनं काकूचा नंबर लावला.

“कावून वं? बरं हाये न तुले? गाडी लागली का?”

“काकू, मायच्या खारोड्यांचा दुसरा डबा हाये का वो फळीवर?”

“मी ऊन दाखोत ठेवल्या त्या? त्या दिवाळीतच सरल्या न बाई. तुमाले तळून देल्या होत्या मी. तुह्या बाबानं खाल्ल्या. तुले ताट देलं तं तू सरकवून उठली. काकूच्या हातचं नोको म्हने.”

दामिनीला ते ताट आठवलं. कडेला तळलेलं काहीतरी तपकिरी होतं. तिनं नीट पाहिलंही नव्हतं.

“मले कावून नाही सांगतलं, मायच्या हायेत म्हनून?”

“सांगू कशी? मायचं नाव काढलं का तू घराबाहेर जाये.”

रस्त्यानं एक ट्रक गेला. दामिनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कशा झाल्या होत्या?”

“वैनीच्या राहे तशाच,” काकू म्हणाली. “तुहे बाबा खाता खाता रडले.”

दामिनीनं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडे काकू बोलत नव्हती, आणि ठेवतही नव्हती.