पायाचा चांगला फोटो

माझं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. खोलीतला हीटर बंद, दुरुस्तीवाला "आलोच" म्हणून गेल्या मंगळवारपासून येतोय, आणि माझं मशीन असं लाडावलेलं की खोली थंड झाली की त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवायची सोय नाही. मी पायांचे फोटो काढते. हसू नका. लेझरचा कॅमेरा आहे, कातडीखाली रक्त कुठे वाहतंय ते रंगात दाखवतो. लाल म्हणजे भरपूर, निळं म्हणजे जेमतेम, काळं म्हणजे खडखडाट. ज्यांच्या पायांपर्यंत रक्त धड पोचत नाही अशी माणसं दिवसभर माझ्यासमोर मोजे काढून झोपतात, आणि माझे रंग बघून सर्जन ठरवतात, काय वाचवायचं आणि काय कापायचं.

शेजारच्या ऑफिसातून भांडून एक हीटर ओढत आणला, तोवर फोटोवाले काका आले. सोबत काकू. काकांनी चाळीस वर्षं स्वतःचा फोटो स्टुडिओ चालवला होता, म्हणून आमच्याकडे त्यांचं नाव फोटोवाले काका. ही त्यांची तिसरी खेप. पहिल्यांदा आले तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्यावरची जखम भरत नव्हती. मग तो अंगठाच काढला. आता दीड महिना झाला, अंगठा काढल्याची जखमही भरेना.

सर्जनांची चिठ्ठी मी पुन्हा वाचली. फोटो मागच्यासारखा लाल आला, तर रक्त पुरेसं आहे, संसर्गच हाताबाहेर गेलाय. सोमवारी गुडघ्याखाली पाय काढायचा. काळा आला, तर रक्तच कमी पडतंय. तुंबलेली रक्तवाहिनी उघडून पाय वाचवता येईल. म्हणजे काकांचा पाय वाचायचा तर फोटो वाईट यायला हवा होता. हे त्या दोघांना कोणी नीट सांगितलेलंच नव्हतं. सांगायला वेळ कोणाला आहे इथे!

"वीस मिनिटं गुपचूप पडून राहा, काका."

गुपचूप कसले! "आम्ही तान्ह्या बाळांचा फोटो काढायच्या आधी गालांना हळूच चिमटे घ्यायचो, मॅडम. गाल लाल झाले की फोटोत जीव येतो. आईला कळायचंसुद्धा नाही."

"बोललात की पाय हलतो."

"हलू नका हे वाक्य मी लोकांना लाखभर वेळा ऐकवलंय. आज माझी पाळी." स्वतःच हसले. काकूही हसल्या. मला मात्र हसू येईना, बाहेर नऊ जण ताटकळत होते.

फोटो आला. लाल. भडक लाल.

गेला पाय, माझ्या मनात आलं. वाईट वाटायच्या जागी मला रागच आला, तो मला कशाचाही येतो. चिडून मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि थबकले. लाल होतं, पण सलग नव्हतं. घोट्याखाली चार लाल पट्टे शेजारी शेजारी, आणि आतल्या बाजूला एक आखूड. मी स्क्रीनवर माझा पंजा ठेवला. बरोब्बर बसला. रक्त काही पंजाच्या आकाराचं वाहत नाही.

मी वाकून त्यांच्या पायाचा वास घेतला. बाम! मागच्या खेपेलाही हा वास आला होता. गुडघ्याला लावला असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. म्हाताऱ्या माणसांना बामाचा वास यायचाच.

"काकू, पायाला काय चोळलंत?"

"बाम," काकू कौतुकाने म्हणाल्या. "जखमेपासून लांबच ठेवला हं. घरून निघायच्या आधी चांगला अर्धा तास चोळला."

"अहो, पण कशाला? पासपोर्टचा फोटो आहे का हा? बामानं कातडी लाल होते, आत रक्त असो नसो! इकडे पाय जायची वेळ आलीय आणि तुम्ही नटवून आणताय त्याला!" माझा आवाज बाहेरच्या नऊ जणांपर्यंत गेला असणार.

काकांनी पाय आखडून घेतला. काकू मात्र घाबरल्या नाहीत, त्यांना खरंच समजत नव्हतं.

"तुम्हीच नाही का म्हणालात? पहिल्यांदा आलो तेव्हा? 'बर्फाच्या लाद्या घेऊन येता, फोटो काळा येतो, माझा वेळ वाया. पाय चांगले गरम करून या.' मग दुसऱ्या खेपेला मी बाम चोळून यांना आणलं. तेव्हा केवढ्या खूश झालात! म्हणालात, 'याला म्हणतात फोटो.'"

म्हणाले होते. शब्द न् शब्द माझा. तेव्हाही खोली गार होती, माझं डोकं तापलेलं होतं, आणि काळा फोटो बघून मला वाटलं गारठ्यानेच बिघडला. बिघडला कसला, तोच खरा होता! आणि मग तो लाल फोटो मी ऐटीत वर पाठवला. रक्त भरपूर आहे म्हटल्यावर सर्जनांनी सरळ अंगठा कापला, रक्तवाहिनीकडे बघायची गरजच वाटली नाही कोणाला. माझी जीभ म्हणजे हात दाखवून अवलक्षण. फक्त अवलक्षण काकांच्या वाट्याला आलं.

मी सर्जनांना फोन लावून नव्या फोटोसाठी वेळ मागितला. "दीडपर्यंत आहे मी," ते म्हणाले. "त्यानंतर सोमवारचं पक्कं करून निघणार."

साबण आणि कोमट पाणी घेऊन मी खाली बसले आणि काकांचा पाय धुतला. "अहो मॅडम, तुम्ही कशाला," काका संकोचून म्हणत राहिले. मी धूत राहिले. बोलून काय झालं ते दिसतच होतं. पण बामाचा असर धुतल्याने लगेच जात नाही. अकराला फोटो लाल, बाराला गुलाबी. मधे दुसऱ्या पेशंटचे पाय, पुन्हा काका, पुन्हा दुसरे. एका गृहस्थांनी "आमचा नंबर कधी?" विचारलं, तर त्यांच्यावरही खेकसले. जित्याची खोड.

सव्वा वाजता फोटो काळा आला. टाचेपाशी थोडं निळं, पुढे मिट्ट अंधार. आयुष्यात वाईट फोटो बघून इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं. ताबडतोब वर पाठवला.

"सोमवार रद्द," सर्जन फोनवर म्हणाले. "आजच रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे पाठव. अजून वेळ गेलेली नाही. पण मग मागचा लाल कसा होता?"

"बामामुळे, सर. माझ्या सांगण्यावरून चोळला त्यांनी. त्याच्या आधीचा काळा होता, तो मी वर पाठवलाच नाही."

"हे सगळं लिहून दे," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी काका-काकूंना सगळं सांगितलं, या वेळी सावकाश. लाल म्हणजे काय, काळं म्हणजे काय, आणि पाय का वाचू शकतो. काका उठून स्क्रीनसमोर आले. चष्मा वर करून, जवळून, धंद्यातल्या माणसाच्या नजरेने तो काळा पाय त्यांनी पाहिला.

"पहिल्यांदा असाच आला होता?"

"असाच."

"दाखवा की. दोन्ही शेजारी ठेवू."

"नाहीये, काका. बिघडला समजून पुसून टाकला."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. काका नुसते मान हलवत राहिले. "आम्ही निगेटिव्ह कधी टाकली नाही, मॅडम," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला नाही आवडली, तरी नाही."

काका परत जाऊन बसले, आणि काकू त्यांच्या पायात मोजा चढवू लागल्या. अंगठ्याच्या जागचं रिकामं टोक त्यांनी सवयीने आत दुमडलं.

"त्या दिवशी मी चोळलं नसतं, तर अंगठा राहिला असता का हो?"

"तुमची काही चूक नाही, काकू. मी सांगितलं तेच तुम्ही केलंत."

"ते नाही विचारलं मी."

"बहुतेक राहिला असता," मी म्हटलं.

काकूंनी मोजा वर ओढला आणि काकांना हात देऊन उभं केलं.