साक्षीदाराचा अंगठा

सकाळी बॅग भरायला बसलो तेव्हा माझ्या उजव्या पायात ॲल्युमिनियमची रिंग होती. नंबर ओळखीचा होता. गेल्या हिवाळ्यात अभयारण्याच्या तळ्यावर मीच ती एका पिवळ्या धोबी पक्ष्याच्या पायात घातली होती.

"काय रे ते?" बायकोने विचारलं.

"रिंग."

"मग मोजे घालून जा. लोक विचारतील."

दुर्बीण, वजनकाटा, पक्षी ठेवायच्या कापडी पिशव्या भरून झाल्या. जाळ्याची घडी मात्र संपेना. टोक शोधत स्वयंपाकघरात गेलो, तर तिथे घोट्याएवढं पाणी होतं आणि ओट्याच्या जागी लव्हाळा. तळ्यापर्यंतच्या प्रवासाचे नऊ तास वाचले म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

जाळं लावलं की दर अर्ध्या तासाने बघायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. गेल्या वर्षी नावाडी केरबा दोनदा विश्रामगृहात बोलवायला आला. "सायेब, ऊन चढलं." मी पोह्यांची दुसरी बशी खात होतो. "मला शिकवू नकोस," म्हणालो. अकरा धोबी जाळ्यातच मेले. मेलेल्यांच्याच पायात रिंगा घालून वहीत मी अकराही नंबरांपुढे 'सोडला' असं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून केरबाचा अंगठा घेतला. त्याला वाचता येत नाही.

"काय लिवलंय, सायेब?"

"मेले म्हणून लिहिलंय."

"खरं लिवलं, ब्येस केलं," तो म्हणाला होता. ते वर्षभर माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. यंदा गेल्या गेल्या त्याला खरं सांगायचं ठरवलं होतं.

लव्हाळ्यात जाळ्याचं टोक सापडलं. तिथे मीच अडकलो होतो. हात सोडवायला गेलो तर ते पंख होते. समोरून केरबा होडी घेऊन आला.

"केरबा, त्या वहीत मी..." मी म्हणालो. चोचीतून फक्त 'त्सीप' निघालं.

"आलोच, सायेब. पोहे खाऊन येतो."

ऊन चढलं. माझी जीभ कोरडी पडली. केरबा आला तेव्हा त्याच्या हातात तीच वही होती. रिंगवरचा नंबर पाहून त्याने पान उघडलं.

"वरसभरात एकच शब्द शिकलो," तो म्हणाला. जिभेचं टोक दातात धरून त्याने सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं: सोडला.

मग शाईचा पॅड माझ्या पंखाजवळ आणला.

"अंगठा द्या, सायेब."