फाटकाची परीक्षा

ओपल टॅगर्टला रँच विकायची होती, पण एका अटीवर. तिच्या मेलेल्या नवऱ्याची म्हातारी घोडी, बिस्किट, मरेपर्यंत याच कुरणात राहील असं लिहून देईल त्यालाच जागा. खुबा मोडल्यापासून ओपलला घोडीचं करवत नव्हतं, आणि नवऱ्याचं तेवढंच काय ते उरलं होतं. मी तिची शेजारीण, टेकडीपलीकडची. तिचा खाष्टपणा मला पाठ होता.

विक्रीसाठी एजंट निवडायची तिची रीत आम्हा वायोमिंगच्या जुन्या लोकांचीच. आलेला माणूस फाटक सापडलं तसं ठेवतो का, एवढंच बघायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. ओपल दुर्बीण घेऊन खिडकीत बसली.

पहिली आली तिची भाची जोलीन. ती गावात घरं विकायची. बंद फाटक उघडलं आणि तसंच सताड टाकून आली.

"आत्या, कॉफी आहे ना?"

"कॉफी आहे, काम नाही. फाटक लावता येईना, आणि निघाली रँच विकायला. तू आपल्या न्हाणीघरातल्या फरश्या दाखव लोकांना."

जोलीनचे डोळे भरले. ते बघून ओपल आणखीच खुलली. मला तिची किळस आली.

मग आला डेल हॅस्किन, फक्त घोड्यांच्या जागा विकणारा. त्यानं गाडी आत घेतली, उतरून कडी लावली. हौदावर आलेल्या बिस्किटचे दात बघून वय सांगितलं. ओपल चक्क लाजली.

"वरच्या कुरणात पाणी?" त्यानं विचारलं.

"झरा आहे. बारमाही."

तो झरा उन्हाळ्यात आटतो. म्हणून तर वरचं फाटक दोरीनं उघडं बांधलेलं असायचं, घोडीला खाली हौदावर येता यावं म्हणून. मी ओपलकडे बघितलं.

"भाव मला मिळवायचाय, तू कॉफी पी," ती माझ्या कानात म्हणाली.

ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, ती खुब्याच्या ऑपरेशनला शहरात गेली. घोडीकडे बघू का, विचारलं तर म्हणे, "डेल रोज गिऱ्हाइकं आणणार आहे. तुझ्यापेक्षा त्याला घोडं कळतं."

त्याच दिवशी वाऱ्यानं दोरी तुटली, वरचं फाटक आपटलं आणि कडी बसली. घोडी वरच्या कुरणातच अडकली. डेलला ते बंदच सापडलं. तो रोज ते उघडून गिऱ्हाइकांना आत न्यायचा, परतताना नीट लावायचा. झऱ्यापर्यंत चढायची हौस कुणालाच नव्हती. बिस्किट कुंपणाला चिकटून हौदाकडे बघत उभी असायची. गिऱ्हाइकं तिचे फोटो काढायची.

ओपल परतली तेव्हा घोडी फाटकापाशी मरून पडली होती. खुरांनी माती उकरलेली होती. डेल टोपी हातात घेऊन उभा होता.

"टॅगर्टबाई, झरा बारमाही आहे असं तुम्हीच सांगितलंत."

"चालता हो," ओपल म्हणाली. काठीवर ती लटलटत होती. तिला शहरातून घेऊन आली होती जोलीन. मला वाटलं, आता ही आत्याला धरेल. ती गाडीला टेकून उभीच राहिली.

"त्याला कशाला बोलतेस, आत्या? फाटक सापडलं तसंच ठेवलं त्यानं. माझ्या हातून उघडं राहिलं असतं."